फेब्रुवारीत गुलमर्गला हद्दीबाहेर स्की: किती बर्फ पडला की धोका?

जळगावच्या एका भाऊंचा प्रश्न आलाय. चौघे मित्र आहेत. दोघांचा गुलमर्गला बेसिक आणि इंटरमीजिएट स्की कोर्स झालाय, बाकीचे दोघे त्यांच्याच मागे मागे शिकलेत. सातपुड्यात आणि सह्याद्रीत बरीच वर्षं भटकंती आहे. येत्या फेब्रुवारीत गोंडोलाच्या (रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्याने गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगरावर जायचं आणि स्की पॅट्रोलच्या, म्हणजे उतारांवर नजर ठेवणाऱ्या सुरक्षा पथकाच्या हद्दीबाहेर, मोकळ्या बर्फात उतरायचं असा बेत आहे. विचारलंय असं: किती सेंटिमीटर बर्फ पडला की हिमस्खलनाचा धोका धरायचा, भाड्याने बीकन (बर्फात गाडलेला माणूस शोधायचं रेडिओ यंत्र) घेतले तर पुरे का, इकडच्या डोंगरांचा अनुभव कितपत कामी येईल आणि फेब्रुवारीतला कोणता आठवडा पकडावा.

मी धुळ्याचा. हिवाळ्यात गुलमर्ग आणि मनालीकडे स्कीचे गट घेऊन असतो, बाकी वर्षभर इकडेच. लांबण लावण्याआधी उत्तर देऊन टाकतो. चौघेच, गाइडशिवाय, हद्दीबाहेर: या फेब्रुवारीत नको. हद्दीच्या आत मनसोक्त करा. बाहेर जायचंच असेल तर स्थानिक गाइड घ्या आणि ३० अंशांपेक्षा कमी उतार धरा, वरतीही तीव्र उतार लटकलेला नको. हे ऐकून हिरमोड झाला असेल तर पुढचं वाचा, कारण यात तुमच्या स्कीइंगच्या तयारीवर शंका नाहीये.

तुमच्या चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. वर्षातून आठ-दहा दिवस बर्फात जाणाऱ्या माणसाला बर्फाचा अंदाज बांधता येतो का? माझ्या मते भरवशाचा बांधता येत नाही. तिथे अख्खा हिवाळा काढणाऱ्यांनाही तो पुरता बांधता येत नाही, म्हणून तर ते रोज आदल्या दिवसाच्या नोंदी काढून बसतात. उतार किती अंशांचा आहे हे मात्र जळगावच्या माणसालाही तितकंच अचूक मोजता येतं. तेव्हा तुमचा निर्णय बर्फावर न ठेवता उतारावर ठेवा. बाकी सगळं या एका सल्ल्याचा खुलासा समजा.

तरी सेंटिमीटरचं विचारलंय तर आकडा सांगतो. स्वित्झर्लंडमध्ये नव्या बर्फासाठी एक ठोकताळा वापरतात. परिस्थिती वाईट असेल, म्हणजे जोराचा वारा, कडाक्याची थंडी, खाली गुळगुळीत किंवा न चिकटणारा जुना थर आणि उतारावर फारसं कोणी फिरकलेलं नाही, तर १० ते २० सेंटिमीटर नवा बर्फही धोक्याला पुरतो. मध्यम परिस्थितीत २० ते ३०. सगळं जुळून आलेलं असेल तर ३० ते ६०. म्हणजे एकाच उतारावर एका दिवशी वीतभर बर्फ जीवघेणा ठरेल आणि दुसऱ्या दिवशी हातभर बर्फही तुलनेने ठीक असेल. फरक आहे खाली काय आहे आणि वारा कसा होता याचा, आणि या दोन्ही गोष्टी हॉटेलच्या खिडकीतून दिसत नाहीत.

खाली काय असतं ते जरा निवांत सांगतो. स्कीअरला गाठणारं हिमस्खलन बहुतेक वेळा स्लॅबचं असतं. वरचा बर्फ एकमेकांना धरून अखंड पाटासारखा झालेला असतो आणि त्याच्याखाली एक कच्चा थर असतो. तिरप्या फळीवर ज्वारीचे दाणे पसरून वर लाकडी पाट ठेवा. ठेवला तर राहील. एका कोपऱ्यात बोट दाबलं की अख्खा पाट निघतो. ते बोट म्हणजे तुमची स्की. वरून कोसळणाऱ्या बर्फाखाली सापडलो अशी आपली कल्पना असते, पण सापडलेल्या स्कीअरांपैकी सुमारे ९० टक्के वेळा स्लॅब त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच गटातल्या कोणीतरी सोडवलेला असतो.

हे दाणे येतात कुठून? जमिनीलगतचा बर्फ हिवाळाभर शून्याच्या आसपास असतो. निरभ्र रात्री वरचा पृष्ठभाग समजा उणे १५ पर्यंत गेला. थर अर्धा मीटर जाडीचा असेल तर दर १० सेंटिमीटरला ३ अंशांचा फरक पडला. थर दोन मीटरचा असेल तर तोच फरक दर १० सेंटिमीटरला पाऊण अंशावर येतो. हा आकडा १ अंशाच्या वर गेला की खालची वाफ वर सरकत राहते, दाण्यांमधले बंध सुटतात आणि धारदार कडांचे, एकमेकांना न धरणारे दाणे तयार होतात. म्हणजे सुरुवातीला थोडाच बर्फ पडून पुढे कोरडी थंडी लांबलेला हिवाळा भरपूर बर्फाच्या हिवाळ्यापेक्षा फसवा असतो. कच्चा थर आधी तयार होऊन बसतो आणि मग फेब्रुवारीत एकदम ओझं येतं. २०२४ चा जानेवारी गुलमर्गला जवळजवळ कोरडा गेला, बर्फ आला तो महिन्याच्या शेवटी. त्याच हंगामात २२ फेब्रुवारीला, खेलो इंडियाचे हिवाळी खेळ गुलमर्गलाच चालू असताना, हद्दीबाहेर हिमस्खलन होऊन एका रशियन स्कीअरचा जीव गेला. त्या दिवशीचा स्लॅब याच थरावरून सुटला असा माझा दावा नाही. पण तसा हंगाम दिसला की मी गटाचे बेत आधीच आखडते घेतो.

पहिल्या-दुसऱ्या दिवशी मी गटाला कोंगडोरीजवळच्या (गोंडोलाचा पहिला टप्पा संपतो तिथल्या) एखाद्या छोट्या, निवांत उतारावर खड्डा खणायला लावतो. छातीइतका खोल, डोंगराकडची भिंत फावड्याने सरळ कापलेली. मग हातमोज्यासकट मूठ भिंतीत हलकेच दाबायची. मूठ शिरली तर थर अगदी मऊ. नाही शिरली तर चार बोटं, मग एक बोट, मग पेन्सिल, शेवटी सुरी. वरून खाली असं दाबत येताना जेमतेम एक बोट शिरणारा कडक थर लागतो आणि त्याच्या लगेच खाली, कमरेच्या उंचीला, अख्खी मूठ भसकन आत जाते. तिथला बर्फ ओंजळीत घेऊन दाबला तरी लाडू वळत नाही, बोटांच्या फटींतून दाणे गळतात. गटातली बडबड तिथे थांबते. नंतर ९० बाय ३० सेंटिमीटरचा खांब कापून त्याच्या एका टोकावर फावडं ठेवायचं आणि आधी मनगटातून, मग कोपरातून, मग खांद्यातून दहा-दहा थापा मारायच्या. भेग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ पळाली तर त्या दिवसाचा बेत तिथेच बदलतो.

पण एक सांगून ठेवतो. खड्डा फक्त त्या जागेबद्दल बोलतो. वीस मीटरवर, खडकाच्या आडोशाला, थर पातळ असतो आणि तिथे उत्तर वेगळं येतं. त्यामुळे खड्ड्याचा उपयोग मी 'नको' म्हणण्यासाठी करतो. खड्डा चांगला दिसला म्हणून तीव्र उतार उघडला, असं मी करत नाही आणि तुम्हीही व्हिडिओ पाहून करू नका.

आता वारा. गुलमर्गला बर्फ आणणारी पश्चिमी प्रक्षोभाची प्रणाली वर साधारण नैर्ऋत्य-पश्चिमेचा वारा घेऊन येते. वारा धारेच्या एका अंगाचा बर्फ उचलून दुसऱ्या अंगाला टाकतो. अफरवटचे गुलमर्गकडचे उतार बरेचसे ईशान्येला तोंड करून आहेत, म्हणजे नेमके ओझं पडणाऱ्या बाजूला. आकाशातून पडला त्याच्या कित्येक पट बर्फ वाऱ्याने तिथे साचू शकतो. गावात २० सेंटिमीटर मोजले म्हणून वरही तेवढेच असतील असं धरू नका. त्यात उत्तरेकडच्या उतारांना ऊन कमी, त्यामुळे कच्चा थर तिथे अनेक आठवडे टिकून राहतो. धारेवर बर्फाचा छज्जा असेल, पृष्ठभागावर लाटा उठलेल्या असतील, स्की लावल्यावर बर्फाला फुटक्या पाटीसारख्या भेगा पडून पुढे पळत असतील किंवा पायाखालून 'धप्प' असा दबका आवाज आला, तर चर्चा नको. आल्या वाटेने मागे फिरा.

आणि वादळानंतरचा पहिला स्वच्छ दिवस. ऊन पडलंय, बर्फ चकाकतोय, चार दिवस खोलीत कोंडलेली माणसं बाहेर पडतात. अपघातांच्या दृष्टीने याच दिवसाला मी सर्वात जास्त घाबरतो. ओझं नुकतंच पडलेलं असतं, बसायला वेळ मिळालेला नसतो आणि उन्हाने वरचा थर ढिला होतो. आपल्याकडे मे महिना काढलेल्या माणसाला शून्याच्या आसपासचं ऊन म्हणजे गंमत वाटते, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये दक्षिणेकडचे उतार दुपारी भिजून सुटायला तेवढं ऊन पुरतं.

आता इकडच्या डोंगरांच्या अनुभवाचं. दमसास, थंडीत आवरून वेळेवर निघणं, नकाशा, एकमेकांची सवय, हे सगळं कामी येतं. धोका ओळखण्याची सवय मात्र तिथे उलटते. धुळ्याजवळच्या लळिंगचा कडा समोर दिसतो. सातपुड्यातल्या नाल्याला पाणी वाढलं की गढूळ होतं, आवाज बदलतो. सुट्ट्या दगडावर पाय दिला आणि हलला की आपण पाय काढून घेतो. चूक लगेच कळते, म्हणून शिकताही येतं. बर्फात ही शिकवणी चालत नाही. तुम्ही वाईट निर्णय घेतलात तरी बहुतेक वेळा उतार सुटत नाही आणि तुम्ही खाली येऊन समजता की निर्णय बरोबर होता. दहा जणांचे माग दिसतात म्हणून अकराव्याने जावं, तर त्या दहांपैकी कोणाचाच भार थर पातळ असलेल्या नेमक्या जागी पडलेला नसतो, एवढंच त्या मागांवरून सिद्ध होतं. बरं, कोसळणारे उतार दिसायलाही भयंकर नसतात. फार उभ्या कड्यावर बर्फ साचतच नाही, सतत गळून जातो. जीवघेणी हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, त्यातही ३८ अंशांच्या आसपास सर्वाधिक, आणि स्कीला मजा येते तीही नेमकी तिथेच.

म्हणून उतार मोजायची सवय लावा, आणि ती इथेच लावता येते. फोनमध्ये कोनमापक असतो. ट्रेकिंगची काठी उताराला समांतर ठेवा, फोन तिच्यावर ठेवा, आकडा वाचा. लळिंगच्या चढावर, तोरणमाळच्या गवताळ उतारांवर आधी नजरेने अंदाज सांगायचा, मग मोजायचं. सुरुवातीला सगळ्यांचे अंदाज पाच-सात अंशांनी चुकतात, आणि २८ की ३५ या फरकावरच तिथे सगळं अवलंबून असतं. नकाशावरूनही बघता येतं. १:५०,००० च्या नकाशावर समोच्च रेषा ४० मीटरच्या असतील, तर दोन रेषांमधलं अंतर साधारण १.४ मिलीमीटर म्हणजे ३० अंश. त्याहून दाट असतील तर उतार त्याहून तीव्र. मधले छोटे तीव्र टप्पे नकाशात हरवतात, म्हणून जागेवर पुन्हा मोजायचं.

आणि फक्त पायाखालचा उतार मोजून भागत नाही. तुम्ही १५ अंशांवर उभे असाल आणि वर ४० अंशांचा भरलेला उतार असेल, तर तो तुमच्यापर्यंत येतो. खालच्या सपाटीवरून चालूनही वरचा स्लॅब सुटू शकतो. खिलनमर्ग हे अफरवटच्या पायथ्याचं कुरण आहे, पर्यटक तिथे घोड्यावरून जातात. ८ फेब्रुवारी २०१० ला तिथे हिमस्खलनात लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान गेले. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्याच हापतखुडच्या बाजूला दोन पोलिश स्कीअर गेले. बर्फ न पाहिलेली माणसं नव्हती ती.

बीकनवर थोडक्यात, कारण त्याच्याबद्दल गैरसमज जास्त आणि गुंतागुंत कमी आहे. बीकन ४५७ किलोहर्ट्झवर संदेश पाठवतो, दुसरा बीकन तो पकडतो. त्याने हिमस्खलन टळत नाही. बीकन, प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपायची लांब काठी) आणि लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं फावडं, तिन्ही प्रत्येकाजवळ हवं. चौघांत एक फावडं असेल तर ते नेमकं गाडल्या गेलेल्या माणसाच्या पाठीवर असतं. पहिल्या १०-१५ मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी साधारण ९० टक्के वाचतात. ३५ मिनिटांपर्यंत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास घसरतं. गोंडोलावरून निघालेलं पथक किंवा हेलिकॉप्टर एवढ्या वेळात पोहोचेल हा हिशेब धरू नका. तुमचं बचाव पथक म्हणजे वर उरलेले तुम्ही तिघे. शिवाय मृतांपैकी साधारण पाव हिस्सा झाडा-खडकांवर आपटून जातो, त्यांना बीकनचा काही उपयोग नसतो.

भाड्याचा बीकन घेताना तीन अँटेनांचा आहे का, बॅटरी नवी आहे का, पट्टा तुटलेला नाही ना, हे बघा. फोन बीकनपासून पाठवताना २० आणि शोधताना ५० सेंटिमीटर लांब. पण मुख्य गोष्ट सराव, आणि त्याला बर्फ लागत नाही. उन्हाळ्यात गिरणेच्या पात्रात मोकळी वाळू असते. बीकन डब्यात घालून, तो डबा गोणीत बांधून हातभर खोल पुरा. पुरणाऱ्याने बाजूला व्हायचं, दुसऱ्याने पन्नास पावलांवरून शोध सुरू करायचा, प्रोब गोणीला लागेपर्यंत घड्याळ चालू. चार-पाच मिनिटांत येईपर्यंत सोडू नका. मग खणा. नेम धरून सरळ खाली खणायचं नाही. प्रोबच्या खाली, उताराच्या खालच्या बाजूने आत शिरायचं, एक जण कापतो, मागचे दोघे उपसतात. गंमत म्हणूनही माणूस पुरायचा नाही, गोणीच. हिमस्खलनाचा बर्फ थांबल्या क्षणी घट्ट बसतो आणि मीटरभर खोलीवरच्या माणसासाठी घनमीटरभर बर्फ हलवावा लागतो. वाळूत तुमची छाती भरून आली तर तिथे काय होईल याचा अंदाज येईल.

गटाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला खरी काळजी त्याचीच आहे. तुमच्यात दोघं शिकलेले आणि दोघं त्यांच्या मागे जाणारे आहेत. वर गेल्यावर मागचे दोघं 'नको' म्हणणार नाहीत, त्यांना वाटेल यांना कळतंय. पुढचे दोघं म्हणतील एवढी रजा टाकून, एवढे पैसे घालून आलोय. गावातच ठरवून घ्या: चौघांपैकी कोणीही एकाने नको म्हटलं की नको, कारण विचारायचं नाही, खाली आल्यावर टोमणा मारायचा नाही. उतारावर एका वेळी एकच जण, बाकीचे तिघे त्याच्यावर नजर ठेवून, वरून काही येणार नाही अशा जागी उभे.

गाइड घेताना तो किती छान स्की करतो हे विचारू नका. आज कोणत्या बाजूचे उतार टाळणार आणि का, हे विचारा. सकाळी तो सगळ्यांचे बीकन तपासतो का ते बघा. मागे कधी गिऱ्हाइकाला नाही म्हटलंय का, हेही विचारा. डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा जिल्हावार येतो, गुलमर्गसाठी बारामुल्ला बघायचा. पातळ्या एक ते पाच. तिसरी म्हणजे मधली म्हणून निर्धास्त होऊ नका. युरोपात सर्वाधिक मृत्यू तिसऱ्या पातळीच्या दिवशी होतात, कारण चौथी-पाचवी असली की लोक घरी बसतात. आणि हा इशारा अख्ख्या जिल्ह्यासाठी असतो, तुमच्या उतारासाठी नाही. दुसरा टप्पा पॅट्रोलने बंद ठेवला तर कोंगडोरीच्या खालच्या सौम्य उतारांवर दिवस घालवा, पण दुसऱ्या वाटेने चढून वर जायचा शहाणपणा करू नका.

राहिला आठवडा. कोणता ते आज सांगता येत नाही, पश्चिमी प्रक्षोभाचा अंदाज चार-पाच दिवस आधी भरवशाचा येतो. मी तारीख निवडण्यापेक्षा मोकळे दिवस ठेवतो. पहिले तीन दिवस हद्दीच्या आत, तेवढ्यात पाय बसतात आणि बर्फ कसा वागतोय ते दिसतं; हद्दीबाहेरचं जे काही असेल ते शेवटी. परतीआधी दोन दिवस रिकामे. ज्या वादळाने बर्फ मिळतो त्याच वादळाने जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद पडतो, आणि 'उद्या झेलम एक्सप्रेस पकडायचीय, आजच काय ते उतरून घेऊ' या घाईत लोक वादळानंतरच्या पहिल्याच सकाळी वर जातात. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे तुम्हाला डिसेंबरात ठरवायचंय. तोवर गुलमर्गला बर्फ किती आणि कधी पडला, मध्ये किती दिवस कोरडे गेले, ही नोंद ठेवत चला. नोव्हेंबर-डिसेंबरात पातळ थर पडून पुढे नुसतीच थंडी चालू असेल, तर तिकिटं खुशाल काढा, पण बेतातून हद्दीबाहेरचं खोडून टाका. त्या नोंदी मला पाठवल्यात तर बघून सांगेन.